काटे जागेवर आल्यावर

इंदापूर रस्त्याला एका मिस्त्रीचं पत्र्याचं शेड होतं. मे महिन्यात त्या पत्र्यावर टेकलेला कावळा चटका बसून उडायचा तो थेट काटेवाडीतच उतरायचा, हे मी शपथेवर सांगतो. त्या भट्टीत बसून मिस्त्री अख्ख्या बारामतीच्या गाड्यांचे एसी गार करायचा.

'थांबा' म्हटल्याशिवाय त्याचं वाक्य सुरू व्हायचं नाही. इंजिन चालू ठेवून तो प्रेशरच्या गेजच्या नळ्या जोडायचा. निळा आणि लाल, दोन्ही काटे जागेवर आले की म्हणायचा, "थांबा, आता आत बसून बघाय लागंल." मग काचा वर करून डोळे मिटायचा. गिऱ्हाइकाला वाटायचं तपासणी चाललीय; घोरणं मात्र इंदापूरपर्यंत ऐकू जायचं. दिवसभरात त्याच्या वाट्याला तेवढाच गारवा.

एकदा बहिणीला आणि तिच्या नुकत्याच जन्मलेल्या बाळाला दवाखान्यातून नरसिंहपूरला न्यायचं होतं, आणि माझ्या गाडीचा एसी गरम वारा ओकत होता. मिस्त्रीनं गळती बंद केली, गॅस भरला, काटे बघितले. मी दार उघडून धरलं.

"थांबा, आज न्हाय बसत. बाळाला उकडत आसंल. जावा तुमी."

आणि घाम पुसत तो शेडात शिरला.

आठवड्यानं मी परत गेलो. "मिस्त्री, गाडी गारच होत न्हाय."

त्यानं नळ्या जोडल्या, काटे बघितले, मग माझ्याकडं बघितलं. "थांबा, दोन्ही काटं जागेवर हायती की."

"काट्यांचं काय खरं? आत बसून बघा."

तो बसला. काच वर करता करता म्हणाला, "थांबा हां. जरा टाईम लागंल."