मावसाजींच्या टाकीचं लंघन

जगात जे जे म्हणून आंबतं, त्या सगळ्याच्या तब्येतीची जबाबदारी आपल्याच शिरावर आहे, अशी माझ्या मावसाजींची ठाम समजूत होती. एकोणीसशे पन्नासच्या दशकात मी पुलगावच्या शाळेत विज्ञान शिकवायला लागलो आणि नाचणगावला मावशीकडे राहायला गेलो. पहिल्याच सकाळी मावसाजी विरजणाच्या गाडग्यात थर्मामीटर धरून बसलेले दिसले. "हळू बोल, दही लागून राह्यलं," ते कुजबुजले. आंबिलीच्या मडक्याला ते कान लावत, आणि कुणी प्रकृती विचारली की स्वतःची सोडून दह्याची सांगत.

पण त्यांचा खरा जीव परसातल्या गोबर गॅसच्या टाकीत अडकला होता. खाली शेण-पाण्याचा काला, वर उपडं लोखंडी पिंप. गॅस साठला की पिंप वर चढे आणि गॅस नळीने स्वयंपाकघरात येई. मावशीला दमा होता. डॉक्टरांनी चुलीचा धूर बंद करायला सांगितला, तेव्हा सगळ्या भावकीची थट्टा सोसून मावसाजींनी ही टाकी बांधली. दोरीने थर्मामीटर आत सोडून ते तिचा ताप बघत, पिंपावर कोळशाच्या रेघा ओढून गॅस मोजत आणि मी शाळेतून मागून आणलेला लिटमस कागद बुडवून तिला पित्त तर झालं नाही ना, हे तपासत. थंडीत तिच्यावर कुटाराचं, म्हणजे भुशाचं, जाडजूड पांघरूण पडे. मावशी म्हणे, "माह्यापेक्षा तिचेच लाड जास्त."

घात झाला तो त्यांच्याच बोलण्याने. "यात जिते जीव हायेत, त्याईले भूक लागते," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. मारुतीच्या देवळात भंडारा झाला, तेव्हा शेजारच्या बायांनी उरलेली कढी, बुंदी आणि भात भक्तिभावाने टाकीत ओतला आणि वर हातही जोडले. दोन-चार दिवसांत पिंप खाली बसलं, निळा कागद लालभडक झाला आणि शेगडी विझली. मावशीने मुकाट्याने मातीची चूल पेटवली आणि पहिल्याच फुंकरीला खोकून खोकून भिंतीला टेकली.

"आमी तं पुण्य करून राह्यलो होतो, भाऊजी!" शेजारीण रडकुंडीला आली. मावसाजी रागावले नाहीत. "अजीर्ण झालं बिचाऱ्याईले," एवढंच म्हणाले. त्यांनी टाकीला लंघन घातलं, चुन्याची निवळी थोडी थोडी पाजली, आणि स्वतःही फुटाण्या-मुरमुऱ्यांवर राहू लागले.

मावशी वैतागली. "तुमी उपाशी राह्यल्यानं गॅस येनार हाये काय?"

"नाई. पन तू धुरात बसून रांधतं, ते माह्या घशाखाली जात नाई."

 

मग एका सकाळी कागद लाल व्हायचा थांबला, पिंप हळूहळू वर सरकलं आणि मावशीने काडी ओढली. निळी ज्योत उठली. मी आनंदाने परसात धावलो, पिंपाची रेघ बघायला. मावसाजी मात्र स्वयंपाकघराबाहेरच्या पायरीवर डोळे मिटून बसले होते. आत भाकरीमागून भाकर थापली जात होती. आज ती दोघंही नाहीत, पण तो म्हातारा चेहरा मला अजून तसाच दिसतो.

"मावसाजी, गॅस किती साठला, बघायचं नाही का?" मी विचारलं.

"आयकलं काय तू?" ते म्हणाले.

"काय?"

त्यांनी धोतराच्या सोग्याने डोळे टिपले. "सारा सैपाक झाला, अन् ते एकडाव बी खोकली नाई."