वह्यावाटपाचा फोटो

नोकरीतल्या बाकीच्या केसेस कोणी विचारलं तर आठवतात. ही मात्र न विचारताच आठवते. निवृत्तीला तेव्हा दोन वर्षं उरली होती. शेगावच्या बाजूच्या एका ठाण्याचा मी ठाणेदार होतो. ठाण्याचं नाव सांगत नाही, कारण खटला अजून कोर्टात आहे. दहावीची परीक्षा आठ दिवसांवर आली होती. सकाळची हजेरी आटोपून, ड्युट्या वाटून मी खुर्चीत टेकतो न टेकतो तोच बाहेर एक बाई ठाणे अंमलदाराशी हुज्जत घालताना ऐकू आली. तो तिला अर्ज लिहून आणा म्हणत होता. ती म्हणत होती, साहेबांनाच भेटायचं आहे; साहेब मला ओळखत नसले तरी मी त्यांना ओळखते.

मी तिला आत बोलावलं. सोनाळ्याकडची बाई. गावातल्या शाळेत मुलांची खिचडी शिजवायची, नवरा संत्र्याच्या बागांमध्ये मजुरीला जायचा. दीड वर्षापूर्वी तिने थोरली मुलगी आमच्या हद्दीतल्या एका संस्थेच्या वसतिगृहात ठेवली होती. गरीब मुलींना फुकट शिकवायचं, दहावीनंतर नर्सिंगपर्यंतचा खर्च करायचा आणि त्यासाठी लोकांकडून देणग्या घ्यायच्या, असं त्या संस्थेचं काम.

"आमच्या शाळेतल्या दहावीच्या पोरायले हॉलतिकीट भेटले, साहेब," ती म्हणाली. "मंग माह्या पोरीचं काऊन नाही आलं? फोन केला तं म्हणते, आमच्यापाशी हाय. म्हटलं, त्याचा फोटो पाठवा. चार दिवस झाले, फोटो येऊनच नाही राह्यला. काल गेली तं पोरगी भेटू नाही देल्ली."

शाळेत रोज वावर असल्यामुळे हॉलतिकीट शाळेतून कधी मिळतं हे तिला ठाऊक होतं. एरवी कोण आईबाप ते विचारायला जातात? संस्थेचा हिशेब चुकला तो इथे. पण त्या सकाळी माझ्या हे लक्षात आलं नाही. मी आपला पोलिसी खाक्या दाखवला. वयात येत असलेली मुलगी काही चौकशी न करता परक्याच्या स्वाधीन केलीच कशी, असं जरा आवाज चढवूनच विचारलं.

तिने पिशवीतून घडी घातलेलं एक रंगीत पत्रक काढलं आणि माझ्या टेबलावर उलगडलं.

"केली होती नं चौकशी," ती म्हणाली. "दिवाळीत पोरीले वापस न्याले गेली तं हे हातात देल्लं. हा कोण हाय?"

पत्रकावर मी होतो. वर्दीत, व्यासपीठावर, एका मुलीच्या हातात वह्यांचा गठ्ठा देताना. मुलगी तिचीच होती.

ज्यांनी ठाणं सांभाळलं आहे त्यांना सांगायला नको. शाळा उघडल्या की वह्यावाटपाची तीन-चार आमंत्रणं ठाणेदाराला येतातच. शाल, नारळ, दोन शब्द, फोटो. नाही म्हटलं तर माणूस शिष्ट ठरतो. त्या कार्यक्रमाला मी अर्धा तास होतो. संस्थेचा संचालक पूर्वी शिक्षक होता, म्हणून सगळे त्याला गुरुजी म्हणत. मऊ बोलणारा, वाकून नमस्कार करणारा माणूस. फोटोच्या वेळी ती मुलगी माझ्याकडे मान वर करून हळूच काहीतरी बोलली होती, एवढं आठवत होतं. माझं लक्ष कॅमेऱ्याकडे होतं. मी 'हो हो' म्हणालो होतो.

स्टेशन डायरीत बाईच्या येण्याची नोंद घेतली आणि लगेच चुकीवर चूक केली. पत्रकात ज्या शाळेचं नाव होतं तिच्या मुख्याध्यापकांना मीच थेट फोन लावला. त्यांनी रजिस्टर पाहून सांगितलं की वसतिगृहातली एकही मुलगी आमच्या शाळेत दाखल नाही. माणूस बदमाश नव्हता, पण तापट होता. आपल्या शाळेचं नाव परस्पर वापरलं म्हणून त्यांनी गुरुजीला फोन करून चांगलंच झापलं. पोलीस माझ्याकडे विचारपूस करताहेत, हेही सांगितलं. महिला कर्मचारी आणि पंच घेऊन आम्ही तासाभरात वसतिगृहावर पोचलो तेव्हा दाराला कुलूप होतं. अकरा मुली आणि त्यांची वॉर्डन, कोणाचा पत्ता नाही.

बाई आमच्याबरोबर आली होती. ती रडली नाही. कुलूप हातात धरून उभी राहिली. मला त्या वेळी स्वतःची इतकी चीड आली की विचारू नका. तीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाने संशयिताच्या ओळखीच्या माणसाला फोन लावावा, हे नव्या शिपायालाही शोभलं नसतं.

माग लागला तो समोरच्या घरातून. तिथली विधवा बाई वसतिगृहाच्या पोळ्या लाटून द्यायची. आमच्या महिला हवालदाराने तिला धाक न दाखवता चुलीजवळ बसून विचारलं. गेल्या तासाभरात घाईघाईने पन्नास पोळ्या आणि ठेचा बांधून घेतला, दोन वेळचं पुरलं पाहिजे म्हणाले, उद्यापासून पोळ्या नकोत असंही सांगितलं, एवढी माहिती तिने दिली. म्हणजे प्रवास लांबचा होता. शेगाव स्टेशनवर गुरुजी जाणार नाही, हे मला कळत होतं. तिथल्या प्रत्येक लॉजवाल्याला आणि पेढेवाल्याला देणगी मागायला येणाऱ्या या गणवेशातल्या मुली ओळखीच्या होत्या. अकोल्याला रेल्वे पोलिसांना कळवलं, आणि मी स्वतः जीप मलकापूरकडे काढली.

नांदुरा मागे पडलं. मागच्या सीटवर बाई पत्रक मांडीवर घेऊन बसली होती. मलकापूर स्टेशनला खबर दिली होती, पण मुली नेमक्या कुठल्या गाडीने जाणार हे कोणालाच माहीत नव्हतं. एकदा का गाडी भुसावळच्या पुढे गेली की मुली शोधणं किती अवघड होतं, हे मी दोनदा अनुभवलेलं आहे. सुरतेकडे जाणारी गाडी त्या दिवशी वीस मिनिटं उशिरा होती. आम्ही मुलींना गाठलं ते त्या वीस मिनिटांमुळे, माझ्या हुशारीमुळे नव्हे.

फलाटावर अकरा मुली गणवेशात, वेण्या घातलेल्या, ओळीने बसल्या होत्या. वॉर्डन म्हणाली, शैक्षणिक सहल आहे. मुलींना विचारलं तर त्याही एका सुरात म्हणाल्या, सहल आहे, आम्हाला इथे सगळं मिळतं. पाठ केलेलं उत्तर ऐकताच ओळखू येतं. त्यात कोणी मध्येच अडखळत नाही. आमची हवालदार उकिडवी बसली आणि एवढंच म्हणाली, "तुमच्या वर्गशिक्षकाचं नाव सांगा बरं."

एकीलाही सांगता येईना. लहान मुली मोठीकडे पाहू लागल्या. मोठी म्हणजे हीच, फोटोतली. तिने आईला पाहिलं होतं, पण जागची हलली नव्हती. मांडीवर जुनं गाईड होतं, बोट अजून पानातच होतं.

"आम्ही बाहेरून बसलो हाव," ती म्हणाली. "माह्यं सेंटर तिकडं हाय. पेपर होयेपर्यंत तिथंच राहा लागते."

तेव्हा मला उलगडलं की अकरा मुली गडबड न करता इथपर्यंत कशा आल्या. सगळ्यात मोठ्या मुलीला परीक्षेची घाई होती आणि बाकीच्यांना तीच समजावून घेऊन आली होती. इतक्यात तिकीट खिडकीकडून गुरुजीला माझी माणसं घेऊन आली. मी त्याला तिच्यासमोरच उभं केलं आणि हिचं हॉलतिकीट दाखवा म्हणालो. तो म्हणाला, सेंटरवर आहे. कोणतं सेंटर, विचारलं. तो वॉर्डनकडे पाहू लागला.

मुलगी उठून उभी राहिली. तिने त्याला विचारलं नाही, मला विचारलं.

"सर, मंग माह्यं हॉलतिकीट कोणापाशी हाय?"

खून झालेल्या घरी जाऊन निरोप सांगितले आहेत मी. पण त्या मुलीला तुझा फॉर्मच भरलेला नाही, हे सांगणं त्याहून अवघड गेलं. तिने गाईड बंद केलं आणि आईच्या शेजारी जाऊन बसली. ठरल्या गाडीची घोषणा झाली, गाडी आली आणि गेली.

मुलींना त्याच दिवशी बाल कल्याण समितीपुढे हजर केलं. हळूहळू सगळं बाहेर आलं. मुली रोज गणवेश घालायच्या आणि शाळेऐवजी लॉज, दुकानं, मंगल कार्यालयं फिरायच्या. हातात देणगीची पेटी आणि कार्यक्रमांच्या फोटोंचा अल्बम. अल्बमच्या पहिल्या पानावर मी.

चौकशीत गुरुजीने सुरुवातीला उडवाउडवी केली. मग खोलीत आम्ही दोघंच उरलो तेव्हा अगदी नम्रपणे म्हणाला, "तुम्ही मले चोर म्हणसान साहेब, तं लोक इचारतीन नं, चोराच्या बाजूच्या खुर्चीवर कोण बसला होता?"

खोटं कशाला बोलू, मी घाबरलो. दोन वर्षांत निवृत्ती, पेन्शन, खात्यातलं नाव, सगळं डोळ्यापुढे आलं. मलकापूरहून परतल्यावर बाईने दिलेलं ते पत्रक माझ्या खणात होतं आणि ते तिथे आहे हे फक्त त्या बाईला ठाऊक होतं. मी बाहेर आलो, एक कप चहा घेतला आणि स्टेशन डायरी मागवली. मी त्या कार्यक्रमाला प्रमुख पाहुणा होतो, पत्रकावर माझा फोटो आहे आणि तो पाहून फिर्यादीने मुलगी तिथेच राहू दिली, असं माझ्या हाताने लिहिलं. मग उपविभागीय अधिकाऱ्यांना फोन करून तपास दुसऱ्याकडे द्यायची विनंती केली. ते आधी चिडले, नंतर म्हणाले, बरं केलंत.

तपास शेजारच्या ठाण्यातल्या एका महिला सहायक निरीक्षकाकडे गेला. वयाने माझ्या मुलीएवढी. वसतिगृहाचं कुलूप पंचांसमक्ष उघडलं तेव्हा आतल्या लोखंडी पेटीत वह्यांचे गठ्ठे सापडले. आत एक अक्षर नाही, पण कोपरे मळलेले, पुठ्ठे सैल झालेले. प्रत्येक कार्यक्रमात त्याच वह्या वाटल्या जायच्या आणि पाहुणे गेले की गोळा करून परत पेटीत जायच्या. तिने त्यातली एक वही गुरुजीपुढे ठेवली आणि ही किती वेळा वाटली, एवढंच विचारलं. त्याने पाणी मागितलं. माझ्या अनुभवात आरोपी पाणी मागतो ते बहुधा खोटं संपल्यावर. संध्याकाळच्या आत त्याने सगळं कबूल केलं, मुली सुरतेला नेऊन तिथे हाच धंदा मांडायचा बेतही.

मग माझा जबाब झाला. माझ्याच ठाण्यात, टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीवर मी पहिल्यांदा बसलो. ती खुर्ची थोडी डुगडुगते, हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. तिने विचारलं, फोटो काढताना मुलगी तुमच्याशी काय बोलली? मी म्हणालो, आठवत नाही. तिने मुलीच्या जबाबातली ओळ वाचून दाखवली.

"मी सरले इचारलं, सर, ह्या वह्या आमच्यापाशीच राहतीन का? सर हो म्हणले."

ती पोर तेव्हाच मला सगळं सांगत होती. मी जरा खाली वाकून 'काऊन विचारतेस गं' एवढं म्हटलं असतं तर तिचं वर्ष वाचलं असतं. मी ती ओळ माझ्या जबाबात खरी म्हणून मान्य केली आणि सही केली.

त्या वर्षी तिला परीक्षा देता आली नाही. नियमापुढे कोणाचं काही चाललं नाही. पुढच्या वर्षी तिच्या आईने गावच्या शाळेतून सतरा नंबरचा फॉर्म भरून घेतला, म्हणजे बाहेरून बसणाऱ्यांचा खराखुरा फॉर्म, आणि पावती माझ्या मोबाईलवर पाठवली. हॉलतिकीट आलं तेव्हा त्याचाही फोटो पाठवला. मुलगी पास झाली. फार चांगले गुण नव्हते, पण पास झाली.

मला अजूनही वह्यावाटपाची आमंत्रणं येतात. चांगल्या संस्था पुष्कळ आहेत आणि त्यांच्यामुळे मुलं शिकतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. म्हणून मी जातो. मात्र अट घालतो. आधी मुलांच्या शाळेत जाऊन हजेरीपट पाहणार, मुलांशी बोलणार, मग खुर्चीवर बसणार. काही जणांना राग येतो. ते पुन्हा बोलावत नाहीत, आणि ते बरंच आहे. वर्दी अंगावर असली की आपण कुठे नुसते बसलो तरी लोक त्याला साक्ष समजतात. हे मला नोकरीच्या शेवटी कळलं.

निकालानंतर मायलेकी पेढे घेऊन घरी आल्या होत्या. मी अकरावीसाठी डझनभर वह्या आणून ठेवल्या होत्या. देताना मला फार अवघडल्यासारखं झालं. बायको फोटो काढू का म्हणाली, मी नको म्हणालो. मुलीने गठ्ठा घेतला, तिथेच खाली बसून दोरी सोडली आणि माझ्या खिशातलं पेन मागितलं. मग एकेक वही उघडून पहिल्या पानावर सावकाश आपलं नाव घालत बसली. आई म्हणाली, घरी जाऊन घाल की, साहेबांचा वेळ जातो. मुलीने मान वर केली नाही.

"नाव टाकलं का मंग कोणी वापस नाही मांगत," ती म्हणाली, आणि बाराव्या वहीवर नाव घालून झाल्यावर माझं पेन मला परत दिलं.