मावशीची जीभ आणि पहिला बेस

माझ्या मावशीच्या डोक्याला मागच्या बाजूने तिसरा डोळा आहे, असं हल्ली सगळीकडे बोललं जातं. साफ खोटं. मागे फक्त एक क्लिप आहे, तीही माझी ढापलेली.

मावशी हॉस्पिटलच्या लाँड्रीत चादरींच्या घड्या घालते आणि रविवारी लाँड्रीच्या बेसबॉल टीमची पिचर असते. फलंदाजाला चेंडू झकास टाकते. बोंब होती ती पहिल्या बेसवर पोचलेल्या समोरच्या टीमच्या गड्याची. तो चोरपावलांनी दुसऱ्या बेसकडे सरकतो, यालाच बेस चोरणं म्हणतात. तेव्हा पिचरने गर्रकन वळून पहिल्या बेसवर चेंडू फेकायचा, की गडी बाहेर सापडून बाद. मावशी वळेपर्यंत गडी दुसऱ्या बेसवर पोचून बुटाची नाडी बांधत असे.

शेवटी कॅप्टन, म्हणजे बॉयलरवाले काका, नाकातून म्हणाले, "ताई, येत्या रविवारी आणखी एक जरी बेस चोरीला गेला न्ना, तर चेंडू आमच्या मेव्हण्याकडे." मेव्हणा फलंदाज सोडून सगळ्यांना चेंडू मारतो. चौदा वर्षं पिचिंग केलेली मावशी दोन दिवस चादरींच्या घड्या आपटत राहिली.

घोळ माझाच होता, माझ्या नकला करायच्या खोडीचा. बेकरीच्या टीमसमोर मी मावशीची नक्कल केली होती: पहिल्या बेसकडे वळायच्या आधी ती जीभ गालात खुपसते, लिमलेटची गोळी ठेवल्यासारखी. बेकरीचा लांबड्या सगळ्यात जास्त हसला आणि पुढच्याच मॅचला, गालात जीभ नाही असं दिसलं की पळत सुटून, त्याने तीन बेस चोरले.

मी कबूल केलं. वाटलं, आता पाठीत धपाटा. मावशी कपड्यांच्या ट्रॉलीवर बसली. "कर बघू."

मी केली.

"एवढी जीभ?"

"मी हात राखून करतेय."

"आणि खांदा?"

"आधी डोकं, मग खांदा, मग पाय. सरकारी फाईल फिरते तसं."

"मेले! परत कर."

वीस वेळा केली. मग गठ्ठ्यांचा पहिला बेस झाला आणि गुंडाळलेल्या टॉवेलचा चेंडू. पाय आधी, छोटीशी उडी मारून. हात मागे न नेता थेट कानाजवळून फेक. आणि फेकण्याआधी थांबायचं कधी एक श्वास, कधी चार. कुणाला अंदाज येता कामा नये. पहिल्या दिवशी तीन टॉवेल मुकादमबाईंना लागले. चौथ्या दिवशी एकही नाही.

रविवारी शेवटच्या डावात आम्ही एका धावेने पुढे, आणि पहिल्या बेसवर लांबड्या. मी बाकावरून ओरडले, "मावशी, याला पकडलंस तर आठवडाभर कुणाची नक्कल करणार नाही!"

"महिनाभर!" ती न वळताच म्हणाली.

मग तिने जीभ गालात खुपसली. लांबड्याने घाईने मागे फिरून बेसवर लोटांगण घातलं. मावशीने शांतपणे चेंडू फलंदाजाला टाकला. पुन्हा जीभ, पुन्हा लांबड्या मातीत, पुन्हा चेंडू फलंदाजालाच. तिसऱ्यांदा गाल सपाट. लांबड्या खुशीत चार पावलं पुढे आला. मावशी थांबली. थांबली. थांबलीच. आणि उडी! चेंडू बेसवर पोचला तेव्हा लांबड्याचा एक पाय हवेत होता आणि तोंड उघडं.

मेव्हणा अजून बाकावरच आहे.

आज अकरावा दिवस. सकाळी बॉयलरवाले काका शिंकले. तीन मजली, शेवटी शिट्टीसकट. मी फक्त "काळजी घ्या काका" म्हणाले. माझ्या स्वतःच्या आवाजात.