टाकीच्या तोंडाशी

नवीन पोरांसमोर उभ्या राहिल्या की मॅडम आधी स्वतःचं नाक-तोंड तळहातानं घट्ट दाबायच्या आणि बघणारी पोरं कासावीस होईपर्यंत तशाच राहायच्या. मग हात काढून म्हणायच्या, "टाकीत कोनी पडला तं त्याच्या मांगं उतराचं नाही. पयले हवा, मंग माणूस."

यवतमाळजवळच्या आमच्या रसायनांच्या कारखान्यात त्या सुरक्षा शिकवायच्या. मी तिथेच प्रयोगशाळेत होतो. आयटीआय करून आलेली शिकाऊ पोरं आधी त्यांच्या हाताखाली जायची. असं एखादं माणूस तुमच्याही कामावर असेल. त्याला येताना पाहिलं की लोक वाट बदलतात.

दाढीचा त्यांना फार राग. दाढीवर मास्क नीट बसत नाही, फटीतून वायू शिरतो, म्हणून दाढीवाल्यांना त्या दारातूनच परत पाठवायच्या. कळंबच्या एका पोराचं लग्न ठरलं होतं आणि होणाऱ्या बायकोला दाढी आवडायची. तो गयावया करायला लागला. मॅडमनी त्याला लग्नापर्यंत स्टोअरमध्ये बसवलं, लग्नाला जाऊन जेवून आल्या, आणि अंगावरची हळद उतरायच्या आत त्याची दाढी उतरवली.

त्या लग्नाच्याच उन्हाळ्यात बाभुळगावकडचे दोन चुलतभाऊ शिकायला आले होते. एका दुपारी ठेकेदाराच्या मुकादमानं धाकट्याला रिकाम्या टाकीतला गाळ काढायला उतरवलं. आतली हवा कुणी तपासली नव्हती. पोरगा तळाशी पोचला आणि कोसळला.

आरडाओरडा ऐकून आम्ही धावलो. थोरला टाकीच्या तोंडात पाय घालतच होता. मॅडमनी त्याला मागून मिठी मारली आणि दोघंही बाहेर जमिनीवर पडली. तो लाथा झाडत होता. त्याचं कोपर लागून मॅडमचा ओठ फुटला. "सोडा मले, मरून राह्यला तो," एवढंच तो म्हणत होता. त्यांनी मिठी सोडली नाही. पाठीवर हवेचे सिलिंडर बांधलेली माणसं पलीकडच्या शेडमधून आली आणि आत उतरली. धाकट्याला वर काढलं, तेव्हा तो गेलेला होता.

मुकादमाला कामावरून काढलं. गावात मात्र बोललं गेलं की मॅडमनं पोरगं मरू दिलं.

त्या धाकट्याच्या घरी गेल्या, मी सोबत होतो. आईनं पाणी दिलं, समोर बसली आणि विचारलं, "तुमचं पोरगं असतं तं?"

मॅडमनी पाण्याचा पेला खाली ठेवला. "तं मी उतरली असती, बाई," त्या म्हणाल्या. "मले धराले दुसरं कोनी लागलं असतं."

आईनं पदर तोंडाला लावला.

परतताना मॅडमनी गाडीत सांगितलं. झटापटीत टाकीच्या आतून त्यांना बूट घासल्याचा आवाज आला होता; धाकटा तेव्हा जिवंत होता. थोरल्यानं तो आवाज ऐकला नसावा, एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या.

शिकवणं त्यांनी सोडलं नाही. थोरला मात्र नोकरी सोडून गेला. यंदाच्या हिवाळ्यात मॅडम दिग्रसला, माहेरी, आजारपणात वारल्या. मोक्षधामाच्या फाटकाबाहेर थोरला दिसला, खांद्यावर त्याची लहान मुलगी. मी जवळ गेलो. धुराकडे पाहत तो म्हणाला, "माहा राग नाही गेला, सर."

मुलगी पेंगुळली होती. त्यानं तिचं डोकं मानेशी नीट टेकवलं. आम्ही सगळे निघालो तरी तो तिथेच उभा होता.