वाऱ्याच्या दिवशी पलीकडच्या काठाला

माझं कामच संशय घ्यायचं आहे. विमा कंपनीत मी अपघाताचे दावे तपासतो. गाडी खरंच झाडावर आदळली की कुणी घणाने चेपली, हे बघण्यात माझा दिवस जातो. ती सवय घरी येते, जेवायला बसते, मित्रांमध्येही येते. त्यामुळे माझा कॉलेजातला मित्र विशाखापट्टणमची नोकरी सोडून जालन्याला परत आला आणि त्याच्या सामानात विंडसर्फिंगची जुनी फळी निघाली, तेव्हा मला आनंदाच्या आधी प्रश्न पडला. जालन्यात हा फळी चालवणार कुठं?

त्यानं जागा आधीच ठरवलेली होती. मंठ्याच्या पुढं धरणाच्या फुगवट्याचं पाणी पसरलंय, तिथं. त्याहून जवळ दोन तलाव होते. मी ते सुचवले. "तिथं वारा बराबर न्हाई," एवढंच बोलून त्यानं विषय संपवला.

आमचा तिसरा मित्र टेंभुर्णीचा. हार्डवेअरचं दुकान आहे त्याचं, आणि एक पिकअप. फळी, शीड आणि शिडाची काठी त्या पिकअपवर बांधून आम्ही रविवारी निघायचो. फळी एकच, म्हणून आळीपाळीनं चढायचं. फळीवर उभं राहायचं, दोरीनं पाण्यातलं शीड वर ओढायचं, मग त्याच्या आडव्या दांडीला धरून वाऱ्याला टेकायचं. सांगायला सोपं. पहिले दोन रविवार मी फक्त पाणी प्यालो.

दुसऱ्या रविवारीच माझ्या लक्षात आलं की आमचा हा मित्र शेवटी चढतो आणि सरळ पलीकडच्या काठाला जातो. तिकडं बाभळींनी भरलेली जमिनीची एक सोंड पाण्यात आलीय. तिच्या मागं गेला की तासभर दिसायचा नाही. परत आला की सांगायचा, "शीड पडलं होतं." जो माणूस आमच्यासमोर एकदाही शीड पाडत नाही, त्याचं तिकडंच कसं पडतं?

पाठीवर एक पिशवी असायची, पाणी न शिरणारी, तोंड गुंडाळून बंद करायची. एकदा मी विचारलं, "काय आहे यात?"

"फोन. आन् कोरडे कपडे."

पण त्याचा फोन पिकअपमध्ये वाजून राह्यला होता. मी ते मनात नोंदवून ठेवलं. दावेदाराला बोलू द्यायचं असतं.

टेंभुर्णीवाल्याला सगळं माहीत असावं, असाही मला वास येत होता. मी पलीकडं बघायला लागलो की तो काहीतरी काम काढायचा. एकदा मला त्या सोंडेवर बाभळीला बांधलेलं पिवळं कापड दिसलं. मागच्या वेळी नव्हतं.

"ते काय रे?"

"कुणीतरी वाळत घातलं असंन."

"बाभळीवर?"

"तू जरा दोरी धर," तो म्हणाला.

संशय फक्त मलाच येत होता असं नाही. काठावर जाळं सुकवणारा एक मासेमार आमच्याकडं दर वेळी निरखून बघायचा. एके दिवशी त्यानं विचारलंच, "साहेब, हा सर्व्हे कशाचा चालू हाय? पाणी अजून वर आणून राह्यले का?" आम्ही खेळतोय म्हटल्यावर तो हसला, पण पटलेलं मुळीच दिसलं नाही.

मग तो आषाढातला दिवस आला. पावसाचा पत्ता नव्हता, वारा मात्र असा की पिकअपचं दार उघडलं की हातातून निसटायचं. पाणी काळपट झालेलं, लाटांवर पांढरा फेस. मासेमारानं होडी ओढून काठावर पालथी घातली होती. मी म्हणालो, आज नको. मित्र म्हणाला, "असा वारा परत मिळणार न्हाई."

पहिला नंबर माझाच लावला. आणि त्या दिवशी काय झालं कुणास ठाऊक, मी उभा राहिलो. शिडानं वारा धरला, फळी खालून थरथरली आणि एकदम सुटली. पाणी सपासप मागं जायला लागलं. हाताच्या शिरा ताणल्या, तोंडावर तुषार, आणि मी एकटाच मोठमोठ्यानं ओरडत होतो. दावे, फायली, संशय, सगळं काठावर राहिलं. थोड्याच वेळात पालथा झालो, तो भाग वेगळा. धापा टाकत परत आलो तेव्हा दोघांनी मला मिठी मारली. त्या क्षणी मला ते दोघं फार जवळचे वाटले.

मग त्यानं पाठीला पिशवी लावली आणि पुन्हा माझ्या मनात तेच सुरू झालं.

तो निघाला तो बाणासारखा. वारा आमच्या काठाकडून पलीकडं वाहत होता. मी फोनचा कॅमेरा झूम करून बघत होतो. सोंडेवर पिवळं कापड होतं, आणि आज त्याच्याखाली एक बाई उभी होती. तिनं हात वर केला. म्हणजे हे होतं तर! घरी बायको, पदरात पोर, आणि हा पाण्यावरून भेटायला जातो. मी फोन खाली घेणार तेवढ्यात शिडाची काठी बुडातून कलली. शीड आडवं झालं, लाटेखाली गेलं. फळी बाभळींच्या दिशेनं वाहत गेली. फळीवर माणूस दिसेना.

टेंभुर्णीवाल्याचा चेहरा पांढराफट पडला. मासेमाराला होडी मागितली. "या वाऱ्यात न्हाई जमणार, साहेब," तो म्हणाला, आणि त्याचं बरोबरच होतं.

"तू हितंच थांब, मी रस्त्यानं जाऊन येतो," टेंभुर्णीवाला म्हणाला.

"मी इथं थांबणार नाही."

त्यानं पिकअपची किल्ली काढली. मग म्हणाला, "बस मंग. पण तिथं गेल्यावर तोंड उघडू नको."

पुलावरून वळसा घालून जायचं होतं. तो खड्डे न बघता गाडी हाणत होता. मी मनात दोन गोष्टी घोकत होतो: तो जिवंत असू दे, आणि असला तर त्याला मी सोडणार नाही.

गावात शिरलो तर पाण्यालगतच्या एका घरापुढं लिंबाला फळी टेकवलेली. पोरं तिच्यावर टकटक करून बघत होती. आत गेलो. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली खुर्चीत आमचा मित्र, अंगात दुसऱ्याचा सदरा, तळहाताला पट्टी, पुढ्यात भाकरीचं ताट. मला बघून त्याचा घास हातातच राहिला.

चष्मा लावलेले एक गृहस्थ उठून उभे राहिले. "या, बसा," म्हणाले.

मित्रानं घास खाली ठेवला. "दाजी," तो त्या गृहस्थांना म्हणाला, "हा माझा कॉलेजातला मित्र."

दाजी? मी स्वयंपाकघराच्या दाराकडं बघितलं. तिथं ती बाई उभी होती. पिवळी ओढणी खांद्यावर, केसांत पांढरं, आणि नाक थेट माझ्या मित्राचं.

होस्टेलात असताना मी त्याला विचारलं होतं, भावंडं किती? तो म्हणाला होता, "एक ताई होती. गेली." मी ते मरण समजून पुन्हा कधी विचारलं नव्हतं, आणि आम्ही त्यांच्या गल्लीत राहायला आलो ते त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. ती गेली होती ती लग्न करून. दाजी बौद्ध, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. वडिलांनी घरात तिचं नाव बंद केलं आणि मुलाला पाया पडायला लावून वदवून घेतलं होतं, त्या गावच्या रस्त्याला पाय लावणार नाही.

"रस्त्याचं कबूल केल्तं," मित्र म्हणाला. "पाण्याचं कुणी बोललं न्हाई."

पिशवी कोपऱ्यात उघडी पडली होती. आत आईनं वडिलांच्या नकळत दिलेली कैरीच्या लोणच्याची बरणी आणि एक मऊ, वापरलेली साडी. मी त्या पिशवीत मनातल्या मनात काय काय बघितलं होतं!

"मला का नाही सांगितलंस?" मी विचारलं. आवाजात राग होता.

"तुझे बाबा आन् माझे बाबा रोज संध्याकाळी एकाच बाकड्यावर बसतात. तुझ्या तोंडातून निसटलं असतं तर?"

म्हणजे मी त्याच्यावर पाळत ठेवून होतो, तशी तो माझ्यावर. ताईनं मला चहा दिला, पण कप हातातून लगेच सोडला नाही. "तुम्ही बाबांच्याच गल्लीतले ना?" तिनं विचारलं. मी हो म्हणालो. "मंग?" एवढंच तिनं विचारलं. मी म्हणालो, "माझ्याकडून काही जाणार नाही." तिनं कप सोडला. नजर मात्र बराच वेळ माझ्यावरच ठेवली.

दिवस कलला तरी वारा पडेना. काठीचा बुडखा तुटलेला, म्हणजे फळीचा उपयोग नाही. टेंभुर्णीवाला म्हणाला, पिकअप दारात लावतो, गपकन चढ, रस्त्याला पाय लागणार न्हाई. मित्रानं दारातून रस्त्याकडं बघितलं. मग म्हणाला, "फाट्यावर लाव."

ताई त्याच्यासोबत निघाली. घरापासून फाट्यापर्यंत ते दोघं रस्त्याच्या मधून चालत आले, गाव बघत असताना. तिनं एकदाही मान खाली घातली नाही. फाट्यावर तिनं त्याचा पट्टी बांधलेला हात आपल्या हातात घेतला आणि म्हणाली, "आता जा जल्दी. आई वाट बघत असंन." पिकअपमध्ये बसल्यावर तो मंठ्यापर्यंत खिडकीबाहेर तोंड करून होता.

चार-आठ दिवसांनी मी बाबांना बोलवायला बाकड्याकडं गेलो. मित्राचे वडील म्हणाले, "काय रे, फळी मोडली म्हणे तुमची?"

"हो काका. वारा लई होता."

"पाणी किती आहे तिथं?"

"भरपूर आहे."

"पलीकडचा काठ दिसतो का?"

मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघितलं. दावे तपासताना मला माणूस कळतो असं मी समजतो. त्यांच्या चेहऱ्यावरून मला काहीच कळेना. "कधी कधी दिसतो," मी म्हणालो.

त्यांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "मलाही न्या एकदा," ते म्हणाले. "नुसतं बघायला."

ते मुलाला पकडायला विचारत होते की लेकीकडं जायला, यावर आम्हा तिघांचं अजून एकमत झालेलं नाही. शिडाची काठी मात्र नवीन आणलीय. वारा आहे, पाणी आहे, आणि काका दर रविवारी सकाळी चप्पल घालून ओट्यावर बसलेले असतात.