स्क्रू नसलेली वस्तू

आमच्या ह्यांचं मिक्सर, पंखे, इस्त्र्या दुरुस्तीचं दुकान. टेबलावर उघड्या मोटारी आणि त्यांत ह्यांनी डोकं खुपसलेलं. गिऱ्हाईक समोर येऊन खोकलं तरी पत्ता नसतो. ह्यांचा एकच हट्ट, जी वस्तू उघडता येत नाही ती घरात आणायची नाही. आमच्या घरातलं चमचे सोडून सगळं उघडून झालंय.

लेक आठवीत गेली आणि बापाशी बोलेनाशी झाली. भांडण नाही, तंटा नाही, नुसतं 'हं' आणि 'नाही'. काही बंद पडलं की मात्र ती वस्तू घेऊन ह्यांच्या शेजारी येऊन बसते. मग दोघांच्या गप्पा मला स्वयंपाकघरात ऐकू येतात. हे त्या गप्पांवरच जगतात, बोलून दाखवत नाहीत एवढंच.

शाळेने कळवलं, मुलांना अभ्यासाला टॅबलेट किंवा लॅपटॉप घ्या, काहीही चालेल. झालं, ह्यांची झोप उडाली. शेजारी म्हणाले लॅपटॉप, टाइप करायला बरा. माझा भाऊ म्हणाला टॅबलेट, दप्तरात मावतो. ह्यांना दोघांचंही पटलं. सकाळी लॅपटॉप, जेवताना टॅबलेट. माझं डोकं उठलं.

शेवटी लेकीला घेऊन आम्ही मोबाइल-लॅपटॉपच्या दुकानात गेलो. ह्यांनी टॅबलेट उलटा केला. पाठ गुळगुळीत.

"हा उघडतो कुठून?"

"उघडत नाही काका, चिकटवलेला असतो," विकणारी मुलगी म्हणाली.

मग लॅपटॉप उलटा केला. खाली स्क्रू दिसले तसा ह्यांचा चेहरा खुलला. खिशातून स्क्रूड्रायव्हर काढून पहिला स्क्रू काढलासुद्धा. ती मुलगी धावत आली. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

लेकीचं लक्षच नव्हतं. ती टॅबलेटवर पेनाने चित्र काढत होती, अगदी रंगून. हे तिच्याकडे बघायचे, मग हातातल्या स्क्रूकडे. पुन्हा तिच्याकडे. मी म्हटलं, "अहो, काहीतरी बोला." ह्यांनी स्क्रू परत बसवला, नीट आवळला आणि टॅबलेट द्यायला सांगितलं.

घरी येताना लेक आपणहून म्हणाली, "बाबा, हा तुम्हाला उघडता येणार नाही."

"माहीत आहे."

बरंच चालून झाल्यावर हे म्हणाले, "बंद पडला तर मला काही करता यायचं नाही. तरी येऊन बसशील का?"