पाच सारख्या साड्या

ताट माझ्या हातात आलं होतं. पितळेचं, भंडाऱ्याहून खास आणलेलं. त्यात निरांजन, कुंकू, अक्षता. पतसंस्थेच्या साकोली शाखेचा वर्धापनदिन होता आणि पाहुण्यांना ओवाळायला आम्ही पाच जणी दारात उभ्या होतो. शीला मॅडम, आमच्या कॅशियर, रांगेतून बाहेर आल्या आणि ताट त्यांनी माझ्या हातातून हळूच काढून घेतलं.

"तू राहू दे वं. तुमच्यात हे करत नाहीत ना, म्हनून म्हनलं. तू मागं जेवनाकडं पाह्य."

अगदी गोड आवाजात. खांद्यावर हात ठेवून.

आमच्यात करत नाहीत, हे खरं आहे. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात औक्षण नाही. विचारलं असतं तर मीच नको म्हटलं असतं. पण विचारलं नाही. आणि उष्टी ताटं उचलणं आमच्यात करतात का, हेही कुणी विचारलं नाही.

मी मागे गेले. अंगावर राणी रंगाची, मोरपंखी काठाची साडी. शाखेच्या मॅनेजर साहेबांनी पाचही जणींना एकसारखी घेतलेली. दर सोमवारी आणि कार्यक्रमाला ती नेसणं सक्तीचं. "आपण एक परिवार दिसलो पाहिजे," असं साहेब म्हणत. पदर खोचला आणि उष्टं उचलत राहिले. राग आला नाही. रडू आलं नाही. कानात दडे बसल्यासारखं झालं होतं, एवढंच. मग फोटोसाठी हाक आली. हात धुवायला लावून मला रांगेत उभं केलं. त्या फोटोत आम्ही पाचही जणी अगदी सारख्या दिसतो. फोटो काउंटरच्या मागे लागला. त्याच्याखाली बसून मी वर्षभर पासबुकं भरली.

यंदाच्या वर्धापनदिनाला रांगोळीचं काम साहेबांनी मला दिलं. माझा हात चांगला आहे, हे सगळ्यांना माहीत. "आपल्या स्टाफच्या लेडीज काढा, युनिफॉर्म साडीत. स्वागत करताना." रंग लागू नये म्हणून साडी पिशवीत ठेवली आणि साध्या सुती ड्रेसवर दारात बसले. पाच बायका काढल्या. साड्या सारख्या, काठ सारखे, निऱ्याही सारख्या. चौघींच्या हातात ताट. पाचवीच्या हातात उष्ट्याची बादली. सूड वगैरे काही डोक्यात नव्हतं. जे झालं होतं ते काढलं.

साहेब आले आणि बघत राहिले.

"हे बादली काहून?"

"ही मी आहे, सर."

"पाहुणे येऊन राहिले. हिच्या बी हातात ताट देऊन टाका."

"रांगोळीत?"

"हो, रांगोळीतच तं."

तेव्हा कुठे माझे कान उघडले. रांगोळीत ताट मिळतं. फोटोत जागा मिळते. दारात खरोखर उभं राहायचं असलं की मला मागे पाठवतात.

"नाही बदलणार, सर."

"मंग पुसून टाका."

"मी नाही पुसत."

शीला मॅडमनी झाडू आणला. पाचवी बाई झाडून काढली. फरशीवर राणी रंगाचा डाग राहिला, त्यावर पायपुसणं टाकलं.

मी पिशवीतली साडी काढून साहेबांच्या टेबलावर ठेवली आणि त्याच ड्रेसवर काउंटरला जाऊन बसले. फोटोला बोलावलं. गेले नाही.

सोमवारी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. साडी तिथेच टेबलावर होती.

"इथं ड्रेसकोड हाय. नेसत नसाल तं नोकरीचं दुसरीकडं पाहा."

घर माझ्या पगारावर चालतं. भीती वाटते, खोटं कशाला बोलू. तरी मी राजीनामा देणार नाही. काढायचं असेल तर त्यांनी काढावं, कारण लिहून, खाली सही करून. तोवर मी रोज वेळेवर येईन, माझ्या कपड्यांत येईन आणि माझ्या काउंटरवर बसेन. ज्या रांगेतून मला मागे पाठवलं, त्या रांगेची साडी मी नेसणार नाही.